गुदग्रंथी दर महिन्याला पिळून घेऊ नका

संपादक महोदय,

कुत्रा फरशीवर बूड घासत सरकू लागला की घरोघरी आधी जंताची गोळी दिली जाते. शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसत असतील, तर ती शंका रास्त आहे. मग पिसवांचाही बंदोबस्त हवा, कारण तो जंत पिसवांतूनच येतो. तुकडे दिसत नसतील आणि अंगाला नासक्या मासळीसारखा वास येत असेल, तर गुदग्रंथी तपासून घ्याव्यात.

गुदद्वार हे घड्याळ मानले, तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी दोन छोट्या पिशव्या असतात; याच गुदग्रंथी. घट्ट शी बाहेर पडताना त्यांवर दाब येतो आणि त्या आपोआप रिकाम्या होतात. शी सतत पातळ राहिली, वजन वाढले किंवा त्वचेची ॲलर्जी असली, की आतला स्राव साचून चिकट होतो.

हल्ली ग्रूमिंग पार्लरमध्ये अंघोळीबरोबर या ग्रंथी बाहेरून पिळून दिल्या जातात. त्रास नसताना हे करूच नये. बाहेरच्या दाबाने पिशवी पुरती रिकामी होत नाही. उलट तिला आणि स्राव बाहेर आणणाऱ्या तिच्या नळीला सूज येऊन वाट आणखी अरुंद होते. खरोखर तुंबली असेल तर पशुवैद्य हातमोजा व वंगण वापरून, बोट आत घालून ती हलक्या हाताने रिकामी करतात. घट्ट झालेला स्राव सलाइनने सैल करतात. पू असेल तर पिशवी धुऊन आत औषध भरतात.

शेपटीखाली एका बाजूला लाल, दुखरी गाठ आली तर ते गळू आहे. ते पिळू नये. कोमट पाण्यात भिजवलेले कापड दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा धरावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गळू फुटलेच तर जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी, माश्या बसू देऊ नयेत. पावसाळ्यात एक-दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. फिनेल, रॉकेल ओतू नये. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर अजिबात देऊ नयेत, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

त्रास वारंवार होत असेल तर शी घट्ट करण्याकडे लक्ष द्यावे. बिनमिठाचा उकडलेला लाल भोपळा लहान कुत्र्याला रोज एक-दोन चमचे पुरतो. सोबत ॲलर्जीचा उपचार आणि वजनावर ताबा हवाच.

केवळ वासाला कंटाळून ग्रंथी काढून टाकण्याचा आग्रह काही पालक धरतात. अमेरिकेत पाळीव फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) बहुधा ग्रंथी काढूनच विकतात, तरी त्यांच्या अंगाचा वास जात नाही, कारण तो मुख्यतः त्वचेतल्या तैलग्रंथींचा असतो. कुत्र्यातही ही शस्त्रक्रिया शेवटचा उपाय आहे: शेजारच्या नसांना इजा झाली तर शीवरचा ताबा जातो, अस्तराचा तुकडा मागे राहिला तर जखम वाहत राहते.

वयस्क कुत्र्याच्या वार्षिक तपासणीत मात्र बोट घालून ही जागा चाचपण्याचा आग्रह जरूर धरावा. इथला कर्करोग बाहेरून दिसण्याआधी रक्तातले कॅल्शियम वाढवू शकतो, आणि तेव्हा घरच्यांना जाणवते ते एवढेच की कुत्रा पाणी फार पितो आहे.

– एक पशुवैद्य, पुणे