नाना, त्या निळ्या रेघेबद्दल

आदरणीय नाना,

समोर बसून बोललो असतो तर ‘गप रे’ म्हणत उठून गेला असतात. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितोय.

सुरुंगात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. स्फोटानं माती, बुटाचे नि पॅन्टचे तुकडे मांसात खोल घुसतात, म्हणून सर्जननी जखम लगेच शिवली नाही. दोन-दोन दिवसांनी थिएटरात नेऊन धुवायचे, मेलेलं मांस काढायचे, वरून व्हॅक्यूमची पट्टी. शेवटी टाके पडले आणि मी घरी आलो. आठवड्यात टाक्यांशेजारी लाल, गरम सूज! आई हळद-तेलाची वाटी घेऊन उभी. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पट्टी न सोडताच दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं.

तुम्ही आलात. मेडिकल कोरमध्ये उभी नोकरी केलेला माणूस. आधी हळदीची वाटी बाहेर. मग पट्टी सोडून चक्क वास घेतलात. “हिरवट पाणी नि गोडसर वास आला की थांबायचं नाही, गाडी काढायची.” खिशातलं बॉलपेन काढून लालीच्या कडेनं रेघ मारलीत, शेजारी वेळ लिहिलीत. लाली रेघेबाहेर गेली, ताप चढला तर दवाखाना. भर उन्हात सायकलवर दोन्ही वेळा यायचात. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या आत सरकली.

“सूज म्हणजे कुमक,” तुम्ही म्हणालात. “लहान जखमेवर येते, काम करते, परत जाते. एवढ्या मोठ्या घावावर आलेली कुमक लवकर हटत नाही. मग धड मांसाचंही नुकसान करते, टाके उसवते.” आईचा शिरा बंद करून अंडी नि कळण्याची भाकरी सुरू केलीत. (शिऱ्याचा राग तिनं अजून सोडलेला नाही.)

पुढं काही महिन्यांनी पायाच्या उरलेल्या खुंटात टणक गाठ आली. मी घाबरलो, चिरा मारायला निघालो होतो. तुम्ही दाबून पाहिलंत: “भो, हाई पू नही, हाड शे.” पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला एक्स-रेत तेच निघालं, मांसात उगवलेलं हाड. इराक-अफगाणिस्तानात पाय-हात गमावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त खुंटांत ते सापडलं होतं म्हणे. रेंगाळलेल्या सुजेचाही त्यात हात असतो. माझं कापावं लागलं नाही, नकली पायाचं सॉकेट, म्हणजे खुंट बसतो ती वाटी, बदलून भागलं.

बॉलपेन माझ्याकडेच राहिलंय. आखाजीला घेऊन येतो, चालत.

तुमचा,
गल्लीतला फौजी