ओनिजीचे हात

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा पोचलं. भिंतीला टेकवून ठेवलंय, सकाळचा चहा पिताना समोरच येतं. तू विचारलंयस, "बाबा, या माणसाला इतका विद्रूप का काढलाय?"

अगं, तो विद्रूप नाही. तो काबुकीतला, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकांतला, नट ओतानी ओनिजी तिसरा. 1794 च्या मे महिन्यातल्या नाटकात तो एदोबेई नावाचा गुंड झाला होता आणि इथे दुसऱ्याचे पैसे लुटायला निघालाय. त्याचे हात बघ. छातीजवळून, कपड्याच्या आतून एकदम बाहेर आलेत, बोटं फाकलेली. चेहऱ्याच्या मानाने किती लहान आहेत! मला तर त्या हातांतच सगळं नाटक दिसतं. झडप घालायची आहे आणि छातीत धडधडही आहे.

हे चित्र काढणारा शाराकू. जेमतेम दहा महिने त्याची चित्रं छापली गेली, दीडशेच्या आसपास, आणि मग तो नाहीसा झाला. आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला, नो नावाच्या जुन्या जपानी मुखवट्यांच्या नाटकांतला नट साइतो जूरोबेई म्हणजेच तो, असं बरेच अभ्यासक मानतात. स्त्रीपार्टी नट काढतानाही त्याने रंगाखालचा पुरुषी जबडा लपवला नाही. आपल्याकडे बालगंधर्वांचे शालूतले फोटो लोकांनी घरात लावले ते त्या रूपावर जीव होता म्हणून. एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, लोकांनाही आपला आवडता नट देखणाच हवा असणार. शाराकूने फार खरं काढलं म्हणून तो टिकला नाही, असं त्या काळच्या एका नोंदीतच आहे.

मला मात्र छापणाऱ्यांचंही तितकंच कौतुक वाटतं. बत्तीस वर्षं मशीनवर उभा राहिलो, चार रंगांच्या जॉबमध्ये एक रंग सूतभर सरकला की कागद रद्दीत. त्यांच्याकडे मशीन नव्हतंच. चेरीच्या लाकडाचे ठोकळे, प्रत्येक रंगाला वेगळा. प्रत्येक ठोकळ्यावर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला एक सरळ खाच, त्यांना 'केंतो' म्हणतात. ओलसर कागद त्या खाचांना भिडवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने मागून घासायचा. दर रंगाला पुन्हा तेच. रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हलत नाही! चित्रकार, कोरणारा, छापणारा असे वेगवेगळे हात त्यात असत आणि पैसा प्रकाशकाचा.

इथे तो प्रकाशक होता त्सुताया जूझाबुरो. तीनच वर्षांपूर्वी शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने त्याची निम्मी मालमत्ता जप्त केली होती. तरी त्याने एका अनोळखी माणसाची 28 चित्रं एकदम बाजारात आणली, तीही मागे अभ्रकाची पूड देऊन. केवढी छाती लागली असेल त्याला!

टोकियोत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात शाराकूची चित्रं आहेत. पण उजेडाने जुने रंग उडतात, म्हणून अशी चित्रं आळीपाळीने थोडेच दिवस मांडतात. आधी चौकशी करून सुट्टीच्या दिवशी जा. ओनिजी दिसला तर समोरून बघून झाल्यावर जरा बाजूला सरक, गुडघ्यात वाक आणि तिरकं बघ. मागचा करडा भाग चमकतो का, ते मला कळव. कार्डावर ते काही उतरलेलं नाही.

तुझा,
बाबा