मीडिया रूममधल्या (जंतू वाढवायचं द्रव खाद्य, म्हणजे मीडिया, बनवायच्या खोलीतल्या) मामांना

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

थिसिसमध्ये आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे. पण ते पान इंग्रजीत आणि तुमच्या वाट्याला एकच ओळ. त्या ओळीत ना तुमच्या दोन बाटल्या आल्या, ना तुमचा प्रश्न. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

आधी बाटल्यांचं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू आपलं विष पेशीबाहेर कसं टाकतो, हा माझा विषय. पण बाहेर टाकण्याआधी त्यानं ते तयार तर करायला हवं. एल टॉर प्रकारचा जंतू प्रयोगशाळेत सहजासहजी विष बनवत नाही. त्यासाठी जपानी संशोधकांनी 1986 साली एक रीत छापली: पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, मीठ आणि 0.3 टक्के सोडा बायकार्बोनेट. 37 अंशांवर 4 तास नळी न हलवता ठेवायची, मग फ्लास्कमध्ये ओतून 16 तास शेकरवर. मी हे सगळं वहीबरहुकूम करत होते. विष असेल तर प्लेटच्या खळग्यांत पिवळा रंग यायचा. आठ महिने एकही खळगा पिवळा झाला नाही. स्ट्रेन, म्हणजे जंतूचा वाण, बदलला, केमिकल नवीन मागवलं, शेवटी विषयच बदलावा का अशी बोलणी सुरू झाली.

त्या दिवशी तुम्ही मला हाक मारून खिडकीशी नेलंत. कठड्यावर ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करायच्या भांड्यातून, काढलेल्या दोन बाटल्या होत्या. एक माझी, दुसरी तुम्ही स्वतः बनवलेली, बिनसोड्याची. "ताई, तुमच्याच बाटल्या ऑटोक्लेव्हमधून काळपट निघतात. हरभरे शिजवताना सोडा जास्त पडला की पाणी होतं ना, तसं. सोडा उकळायचा असतो का?"

नसतो, मामा. तो थंड पाण्यात विरघळवून, गाळून, अगदी शेवटी घालायचा असतो. तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मीडिया नको इतका अल्कधर्मी होतो. आणि नेमकं हे बायकार्बोनेटच जंतूला सांगत असतं की आपण आतड्यात पोचलो, आता विष बनवायला घ्या. ती खूणच मी दर आठवड्याला 121 अंशांवर मारून टाकत होते. वहीत रीत उतरवताना मी सोडा वरच्याच ओळीत लिहिला होता, चूक सर्वस्वी माझी. तुम्ही मात्र कुणाला काही न सांगता, आपल्या वेळात, ती दुसरी बाटली बनवून ठेवलीत. पुढच्याच आठवड्यात पहिली पिवळी ओळ उमटली.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या आजीचे दोन भाऊ एकाच आठवड्यात पटकीनं गेले, ते सांगताना तुम्ही विचारलं होतंत, "एवढंसं जंतू, त्याच्या पोटातलं विष भिंत न फोडता बाहेर येतं कसं?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं तर माझा अख्खा थिसिस त्याच प्रश्नावर होता, तुमच्याइतकं सरळ मला तो विचारता आला नव्हता.

विष बाहेर येतं हे आपल्याच देशात सिद्ध झालं. 1959 साली कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सशाच्या आतड्यात सोडलं, तरी आतडं पाण्यानं फुगलं. या कामाला मिळायला हवा होता तो मान त्यांना मिळाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

या जंतूला दोन पडदे असतात. विषाचे सुटे भाग, एक ए आणि पाच बी, आतल्या पडद्यातून एकेक करून पार होतात आणि मधल्या फटीत जुळतात. बाहेरच्या पडद्यात 15 प्रथिनांच्या कड्याचं एक दार असतं. जुळून तयार झालेलं विष त्या दाराशी येतं, आणि खालून सायकलच्या पंपासारखा एक दांडा त्याला बाहेर ढकलतो, असं आज मानलं जातं. दार पुन्हा मिटतं, पेशी शाबूत राहते. पुढे आतड्याच्या पेशीत शिरून ए भाग असा काही खटका दाबतो की क्षार आणि पाणी आतड्यात पाझरतच राहतात. जोराची लागण असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. आजीच्या भावांना आठवडाही का निघाला नाही, ते यावरून कळेल.

मी या दारात बिघाड असलेला जंतू वाढवला. तो विष बनवत होता, पण बाहेरच्या पाण्यात जवळजवळ काही नव्हतं. पेशी फोडल्या तेव्हा ते आत साठलेलं सापडलं. एकाच प्लेटवर शेजारी शेजारी दोन ओळी: वर बाहेरचं पाणी, फिकं, खाली फोडलेल्या पेशी, पिवळ्याजर्द.

त्या प्लेटचा फोटो मोठा करून घेतला आहे. दिवाळीनंतर गावी येईन तेव्हा घेऊन येते. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
काळपट बाटल्यांवाली ताई