खरखर अँटेनाची नव्हे, अडॅप्टरची

महोदय,

गच्चीवर लांब तार ताणलेली दिसली की सोसायटीत कुणाचाही टीव्ही बिघडला तरी बोट त्या तारेकडेच जातं. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, त्यामुळे ही बोलणी वर्षानुवर्षं ऐकून घेतली. आता माझी तक्रार उलट दिशेची आहे: आमच्या घरातल्या वस्तू रेडिओ बिघडवतात.

गेल्या पावसाळ्यात 40 मीटर बँडवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मला रोज संध्याकाळी साडेसातपासून कुणीच ऐकू येईना. एरवी चेन्नई-कोचीनची मंडळी सहज सापडायची. आता सिग्नलचा जोर दाखवणारा सेटचा काटा रिकाम्या बँडवरच एस-8 वर (आकडा मोठा तितका जोर जास्त). दूरच्या स्टेशनचा सिग्नल कित्येकदा एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असतो. या गोंगाटात तो कुठला टिकणार?

आधी आपलं घर तपासावं, हा नियम. सेट बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावला आणि मेन स्विच पाडला. थोडा फरक पडला. मग एकेक एमसीबी वर करत गेलो, तर माझ्याच राउटरचा अडॅप्टर पकडला गेला! तो बदलला, पण संध्याकाळचा आवाज तसाच राहिला. पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर सगळ्या पट्ट्यावर सारखी पसरते. हा आवाज तसा नव्हता. साधारण दर साठ किलोहर्ट्झवर एक उंचवटा यायचा आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सरकायचा. तापत जाणाऱ्या स्विचिंग अडॅप्टरचीच ही चाल. असा अडॅप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, त्याचे पडसाद थेट आमच्या बँडपर्यंत येतात, आणि घरचं वायरिंगच त्यांची अँटेना होतं.

पुढे नशिबाने साथ दिली. एका संध्याकाळी फक्त आमच्या इमारतीची वीज गेली, समोरच्या इमारतीत दिवे चालू. बॅटरीवरचा माझा सेट क्षणात शांत झाला, एस-2. म्हणजे चोर आमच्याच जिन्यात होता.

वीज आल्यावर खिशातला मिडियम वेव्ह रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावून मजले फिरलो. आतली फेराइटची दांडी, म्हणजे त्याची अँटेना, ज्या दिशेला टोक करते तिकडचा आवाज पडतो, असं पुस्तक सांगतं. जिन्यात ते फारसं चालत नाही. मीटरच्या पेटीपाशी सगळीकडूनच खरखर येते. शेवटी आवाज वाढतो तिकडे जायचं, एवढंच केलं. कान लावून दारोदार फिरणारा माणूस कसा दिसत असेल ते वॉचमनच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दारात रेडिओ नुसता किंचाळला. आत देवघरात एलईडीची माळ होती, दिवेलागणीला लावायची, झोपताना काढायची. रस्त्यावरच्या गाडीवरून घेतलेला अडॅप्टर. मी प्लग काढला आणि खरखर थांबली. आजी म्हणाल्या, "अगं बाई, म्हणून का माझा रेडिओ संध्याकाळी बिघडतो? मला वाटलं सेट म्हातारा झाला." 792 किलोहर्ट्झवरचं पुणे केंद्र ऐकणं त्यांनी महिनाभर सोडलं होतं.

गोंगाट अडवायला फेराइटच्या कड्यावर अडॅप्टरच्या वायरीचे आठ वेढे घेऊन पाहिले, काटा एस-5 वर आला, पण पुरेसं नव्हतं. चांगला अडॅप्टर आणून दिला आणि जुना घरी नेऊन उघडला. सर्किटवर गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली, पण कॉइलऐवजी तिथे साध्या तारेचे दोन तुकडे डाखलेले. चार-दोन रुपये वाचवायला!

माझं म्हणणं एवढंच, की खोक्यावरचा सुरक्षेचा शिक्का पाहताना रेडिओ लहरींच्या गोंगाटाची तपासणीही झाली आहे का, हे ग्राहकाला तिथेच कळायला हवं. आणि बिनाखोक्याच्या मालावर बाजारात प्रत्यक्ष धाडी पडायला हव्यात. हा काही हौशी लोकांचा लाड नव्हे. 2001 च्या भूज भूकंपात फोन बंद पडल्यावर हॅमनी निरोप पोचवले. 2004 च्या त्सुनामीत योगायोगाने आधीच पोर्ट ब्लेअरला पोचलेल्या हॅमनी तेच केलं. असे निरोप क्षीण सिग्नलवरच येतात आणि ऐकणारा बहुधा कुठल्यातरी शहरातल्या फ्लॅटमध्येच बसलेला असतो.

आजींनी नंतर विचारलं, या यंत्रावर नाशिकच्या भाचीशी बोलता येईल का? परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, म्हटलं. "वयाची अट?" किमान बारा वर्षं, कमाल मर्यादा नाही. त्यांनी पुस्तक मागून घेतलं आहे.

— एक हॅम, कोथरूड, पुणे