सेखमेतचे भक्त हौशी नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इजिप्तच्या देवदेवतांवर आलेला लेख मी ई-पेपरवर वाचला. पिरॅमिड, ममी, तूतनखामुनची कबर याबद्दलची माहिती चांगली होती. पण ‘जनावरांची डोकी लावलेले चित्रविचित्र देव’, ‘आज त्यांना कोणी विचारत नाही’ आणि शेवटी ‘अमेरिकेतले काही हौशी गोरे लोक फॅशन म्हणून त्यांची पूजा करतात’ ही वाक्ये वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेची, पेशाने परिचारिका. इलिनॉय राज्यात शिकागोजवळच्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षे रात्रपाळी केली. तिथली माझी एक सहकारी सेखमेतची भक्त आहे. सिंहिणीच्या मुखाची ही देवी आपल्या लेखात ‘रक्तपिपासू’ या एका विशेषणात संपवली आहे. ती उग्र आहे हे खरेच. माणसे उलटली म्हणून सूर्यदेव रा याने तिला पाठवले, ती संहार करत सुटली, आणि शेवटी गेरूने लाल केलेली ७,००० घडे बिअर शेतात ओतून, ती रक्त समजून प्यायली तेव्हा कुठे शांत झाली, ही कथा फेरो राजांच्या थडग्यांत कोरलेली आहे. पण रोगराई पाठवणारी हीच आणि ती आवरणारीही हीच, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. म्हणून तिचे पुजारी रोग्यांवर उपचार करत. एबर्स पपायरस हा सुमारे इ. स. पू. १५५०चा वैद्यकाचा ग्रंथ. वैद्याने किंवा सेखमेतच्या पुजाऱ्याने रोग्याच्या डोक्यावर, हातांवर, पायांवर बोटे ठेवली की तिथे हृदयच सापडते, कारण हृदय प्रत्येक अवयवाच्या वाहिन्यांतून बोलते, असे त्यात लिहिले आहे. रोज रात्री रोग्यांची नाडी पाहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटले असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

माझ्या सहकारी बाईंचे देवघर मी जवळून पाहिले आहे. भिंतीला लावलेले, दोन दारांचे लाकडी कपाट. आत पांढरे सुती कापड अंथरलेले, त्यावर काळ्या दगडाची वीतभर मूर्ती, पुढे पाण्याची वाटी, मेणबत्ती आणि धूप. पूजेआधी मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने त्या हात धुतात, चूळ भरतात. जुन्या इजिप्तमध्ये पुजारी नॅट्रॉन नावाचा क्षार यासाठी वापरत, त्याऐवजी हे. पांढरे कपडे घालून दार उघडायचे, धूप दाखवायचा, पाव आणि पाणी ठेवायचे, स्तुती म्हणायची, दार लावायचे. देवीपुढचा पाव मग स्वतः खायचा, टाकायचा नाही. आपण नैवेद्याचे पान दाखवून मग तोच प्रसाद घेतो, तसेच. आणि हे त्यांच्या मनचे नाही. इजिप्तच्या मोठ्या देवळांत रोज पहाटे पुजारी गाभाऱ्याच्या दाराची मातीची मोहोर फोडत, मूर्तीला वस्त्र नेसवत, सुगंधी तेल लावत, जेवण वाढत, आणि ते अन्न नंतर देवळातल्या माणसांत वाटले जाई. इजिप्तमधल्या अबिडोसला राजा सेती पहिला याने बांधलेल्या देवळाच्या भिंतींवर या पूजेतली एकेक पायरी कोरलेली आहे. बारा तासांची पाळी करून आल्यावरही या बाई कपाटापुढे उभ्या राहतात. याला फॅशन म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

‘हौशी गोरे लोक’ हेही चूक. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली स्थापन झालेली ऑसार ऑसेट सोसायटी ही याच देवांना मानणारी संस्था कृष्णवर्णीयांची आहे. गुलामगिरीत ज्यांचे पूर्वज, भाषा, देव सगळे हिरावले गेले, त्यांना आफ्रिकेतल्या देवांकडे परत जाणे म्हणजे काय, हे लेखकाने विचारात घ्यायला हवे होते. आमच्या इलिनॉयमधला केमेटिक ऑर्थोडॉक्सी हा इजिप्तच्या देवांना भजणारा पंथ टमारा सिउडा यांनी १९८८ साली सुरू केला. त्यांनी इजिप्तविद्येचे रीतसर शिक्षण घेतलेले आहे. आयर्लंडमध्ये एका जुन्या गढीत १९७६पासून इसिस या इजिप्तच्या देवीच्या भक्तांची संघटना आहे. आणि नेवाडाच्या वाळवंटात, अणुचाचण्या होत त्या जागेजवळ, सेखमेतचे छोटे देऊळ आहे. ते बांधणाऱ्या जेनेव्हिव्ह वॉन १९६५ साली इजिप्तला गेल्या होत्या, तेव्हा मूल व्हावे म्हणून त्यांनी सेखमेतला नवस केला होता. मुली झाल्या. १९९३ साली देऊळ बांधून त्यांनी नवस फेडला. नवस बोलणे आणि फेडणे काय असते हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

आता जनावरांच्या डोक्यांविषयी. तहूती, म्हणजे थॉथ, हा लेखनाचा देव कधी आयबिस पक्ष्याच्या मुखाचा असतो, कधी चक्क बबून माकड. हाथोर कुठे पूर्ण गाय, कुठे गाईचे कान असलेली बाई, कुठे शिंगांत सूर्यबिंब धरलेली राणी. देवाचे खरोखरचे रूप असेच आहे असे कोणी मानत असते, तर एकाच देवतेची तीन रूपे एकाच देवळात दिसली नसती. ती रूपे खुणा आहेत, त्या वाचायच्या असतात. वाळवंटाच्या कडेला उथळ कबरी असत, कोल्हे-कुत्रे त्या उकरत. म्हणून ज्याची भीती, त्यालाच राखण दिली, तो कोल्ह्याच्या मुखाचा अनुबिस. त्याचा रंग काळा, कारण नाईलच्या पुराने येणारा सुपीक गाळ काळा, आणि त्यातून दरवर्षी पीक उगवे. मृतांचा देव ओसायरिस याची कातडी हिरवी असते, तीही याच कारणाने. इसिसच्या डोक्यावर सिंहासन असते. देवाच्या हातातला आंख, म्हणजे जीवनाचे चिन्ह, राजाच्या नाकाशी धरलेला असतो, म्हणजे देव त्याला श्वास देतो आहे. गरोदर पाणघोडीच्या रूपातली तावेरेत ही बाळंतिणींची राखणदार. तिला मोठी देवळे फारशी नव्हती, तिची चित्रे पलंगांवर आणि उशांवर सापडतात. प्रसूतिकक्षात काम केलेल्या मला ती या सगळ्यांत जास्त जवळची वाटते. आपल्या लेखात तिचे नावही नाही.

एक गोष्ट मात्र मी स्पष्ट मान्य करते, आणि माझ्या सहकारी बाईही करतात. ही परंपरा अखंड नाही. चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख अस्वानजवळच्या फिलेच्या इसिस-मंदिरात आहे, तारीख २४ ऑगस्ट ३९४. त्यानंतरही दक्षिणेकडचे ब्लेमी लोक इसिसच्या दर्शनाला तिथे येत राहिले. सन ४५३च्या सुमारास रोमनांशी झालेल्या तहात त्यांनी मागून घेतले की, वर्षातून काही दिवस देवीची मूर्ती आम्हाला आमच्या मुलखात नेऊ द्या, परत आणून देऊ. ऐंशीएक वर्षांनी रोमन सम्राट जस्टिनियनने ते देऊळ बंद केले, मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला नेल्या. १८२२ साली फ्रेंच विद्वान शाम्पोलियोंने लिपी उलगडेपर्यंत त्या भिंतींवर काय लिहिले आहे हे कोणाला वाचता येत नव्हते. आजचे भक्त त्या वाचनावरून पूजा पुन्हा उभी करत आहेत. तुटलेली परंपरा पुन्हा हाती घेणाऱ्याची श्रद्धा कमअस्सल असते, असे मी मानत नाही.

लेखासोबतच्या चौकटीत ‘इजिप्तचे देव मूळचे भारतातलेच’ असे छापले आहे. त्याला पुरावा नाही, आणि त्याने आपला मोठेपणा वाढत नाही. खरा संबंध पाहायचा तर तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात पाहा. तिथल्या देवळाच्या आवारात भारतीय घडणीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. आपल्या सातवाहनांची नाणी सापडली. आणि २०२२ साली इसिसच्या देवळात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. पैठण-नाशिकवर राज्य करणाऱ्यांची नाणी त्या देवीच्या गावात पोचली होती, हे त्या चौकटीत आले असते तर वाचकांच्या हाती काही तरी पडले असते.

मी स्वतः इजिप्तमध्ये कर्नाकची देवळे पाहायला गेले आहे. मोठ्या देवळापासून बाजूला प्ताह या देवाचे लहान देऊळ आहे. त्याच्या एका अंधाऱ्या खोलीत सेखमेतची माणसाहून उंच काळी मूर्ती उभी आहे, आणि छतातल्या भोकातून तिच्यावर उजेड पडतो. रखवालदार पांढऱ्या दाढीचे, त्यांच्या हातात जपमाळ. आमच्यासोबतची एक बाई मूर्तीपुढे रडू लागली, तेव्हा त्यांनी आम्हा बाकीच्यांना हाताने खुणावून बाहेर काढले आणि तिला तिथे एकटे राहू दिले. तो त्यांचा धर्म नव्हे. पण त्यांनी तिला हसून घालवले नाही. आपल्या वर्तमानपत्राकडून एवढीच अपेक्षा आहे. आणि ‘आज त्यांना कोणी विचारत नाही’ म्हणाल, तर एप्रिल २०२१मध्ये कैरोत २२ राजा-राण्यांच्या ममी नव्या संग्रहालयात नेताना इसिसची स्तुती प्राचीन इजिप्शियन भाषेतच गायली गेली, साऱ्या देशाने ती दूरचित्रवाणीवर ऐकली.

जाता जाता, लेखासोबत ‘मृत्युदेव अनुबिस’ म्हणून छापलेले चित्र अनुबिसचे नाही. खाली वाकलेले लांब तोंड आणि वरून चौकोनी कापल्यासारखे दिसणारे उभे कान ही सेत या देवाची खूण आहे. ओसायरिसला मारणारा तो हाच. पण रोज रात्री रा याच्या नावेच्या पुढच्या टोकावर उभा राहून अपेप या महासर्पाला भाल्याने रोखणाराही हाच. तेव्हा दुरुस्ती छापताना त्याला ‘सैतान’ म्हणू नये, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, मूळ मिरज, सध्या इलिनॉय, अमेरिका