लिव्हिंग विल कपाटात, पेशंट कॅज्युअल्टीत

मा. संपादक, स.न.

इच्छामरणाचा विषय निघाला की सगळे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबागपासून सुरुवात करतात, हल्ल्यानंतर जवळपास 42 वर्षं तिथेच भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या, बरोबरच आहे. पण मी कॅज्युअल्टीत नाइट करतो, आमच्याकडे हिशोब मिनिटांचा असतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला एक आजोबा आले, फुफ्फुसाचा कॅन्सर, शेवटची स्टेज, ऑक्सिजन सॅचुरेशन 60 टक्क्यांच्या खाली. मुलीच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात सगळ्या फायली. म्हणाली, डॉक्टर, बाबांनी लिहून ठेवलंय, श्वासाची नळी घालायची नाही. कागद कुठाय? तर घरी कपाटात, चावी आईकडे. तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन, स्पीकरवर, काय लागेल ते करा, पैशाचं बघू नका. आता मी कुणाचं ऐकू? घातली नळी.

सकाळी कागद आला, म्हणजे लिव्हिंग विल, शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेलं. दोन साक्षीदार, नोटरी, सगळं रीतसर. पण घातलेली नळी काढायची म्हणजे प्रत्येकी 3 डॉक्टरांचे दोन बोर्ड बसवायचे आणि अंमलाआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. सुप्रीम कोर्टाने 2018 ला अशा विलला परवानगी दिली आणि 2023 ला हे बरंच सोपं केलं, बोर्डाला शक्यतो 48 तासांत मत द्यायला सांगितलंय, पण आमच्या हॉस्पिटलात हे बोर्ड कुणी बसवायचे तेच कुणाला माहीत नव्हतं. आजोबा 9 दिवस तसेच होते. नळी ओढू नये म्हणून हात पट्टीने कॉटला बांधलेले. मुलगी मला बघून मान फिरवायची.

कधीकधी नातेवाईक कोपऱ्यात घेऊन विचारतात, एखादं इंजेक्शन देऊन सोडवता येत नाही का. नाही, तो गुन्हा आहे आणि कायदा बदलला तरी माझा हात उठेल असं वाटत नाही. पण नळी न घालणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते आमच्याच काही सीनियर लोकांनाही पटत नाही, उद्या केस झाली तर काय ही भीती.

कोर्टाने म्हटलंय की विलची प्रत महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. छान. पण रात्री अडीचला तो अधिकारी झोपलेला असतो. म्हणून वाचकांना एवढंच सांगतो, विल केलं असेल तर झेरॉक्स फायलीत सगळ्यात वर लावा, आधार कार्डाच्याही वर, आणि पुण्याच्या मुलाला आधीच फोन करून ठेवा.

— एक कॅज्युअल्टी डॉक्टर, सांगली जिल्हा