आवाज कशाने बदलतो? सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

‘लॅपटॉप नवाकोरा आहे आणि आवाज करतोय’ म्हणत गिऱ्हाईक आलं की आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर पहिला प्रश्न आता तुमचा असतो: आवाज कशाने बदलतो? कसला आवाज, हे नंतर. या प्रश्नाने बरेच लॅपटॉप स्क्रू न काढताच परत जातात, म्हणून तुमचे मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय ते नवा लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी.

म्यूट केल्यावर आवाज थांबला तर तो स्पीकरचा. गाणं सुरू होताना किंवा संपल्यावर काही सेकंदांनी ‘टप्प’ वाजतं, ती वीज वाचवायला झोपणारी ऑडिओ चिप. ऑडिओ ड्रायव्हरमधलं (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) पॉवर सेव्हिंग बंद केलं की बहुतेक वेळा जातं.

खरी डोकेदुखी त्या बारीक ‘सीं’ची. पान वरखाली सरकवलं की सूर बदलतो, चार्जर काढला की वेगळाच लागतो. प्रोसेसरशेजारच्या कॉइलमधला (तारेच्या वेटोळ्यातला) प्रवाह कमीजास्त होतो तशी तिची तार आणि गाभा थरथरतात. सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारीक तुकडे, व्होल्टेजप्रमाणे किंचित आकार बदलतात आणि त्यांच्याखालचा बोर्ड तबल्याच्या पुडीसारखा वाजतो. व्होल्टेज सांभाळणारं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, ते कानाला कळत नाही. पण काम कमी असलं की ते मधले ठोके गाळतं आणि थरथर 20,000 हर्ट्झच्या खाली, म्हणजे कानाच्या टप्प्यात येते. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना आवाज जास्त का, हे तुम्ही फळ्यावर दाखवलंत तेव्हा आम्हाला पटलं. वडील म्हणतात भास आहे, मुलगी म्हणते आवाज आहे. दोघंही खरंच बोलतात, कारण वयाबरोबर वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात.

विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के केली की टर्बो, म्हणजे गरजेला वेग आपोआप वाढवणं, थांबतो. त्याने ‘सीं’ कमी झाली तर उगम सापडला. मात्र वेग घटतो, म्हणून हा उपाय कमी आणि चाचणी जास्त. गेमच्या मेनूत किंचाळत असेल तर सेकंदाला दिसणारी चित्रं (फ्रेम) 60 वर बांधावीत. या आवाजाने यंत्र सहसा बिघडत नाही. पण नेमकं म्हणूनच वॉरंटीत तो बऱ्याचदा दोष धरला जात नाही. सहन होत नसेल तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत दुकान गाठावं.

पंखा ओळखायची तुमची खूण तर फारच कामाची: कॉइलचा सूर काम बदलताच बदलतो, पंखा मात्र सावकाश चढतो आणि काम थांबल्यावरही थोडा वेळ घोंघावत राहतो. मिनिटाला 3,600 फेरे आणि 30 पाती असतील तर सूर 1,800 हर्ट्झच्या आसपास, आवाजातले सूर आलेखात दाखवणाऱ्या फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये सरळ दिसतो. लॅपटॉप तिरका केल्यावर घरघर बदलली तर बेअरिंग तरी सैल आहे, नाहीतर वायर पात्याला घासतेय. जाळीतून टाचणी घालू नये, आणि पंखा मोकळा फिरू देऊन ब्लोअर मारू नये. वाजवीपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग जातं.

माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काही नसतं. फिरती हार्ड डिस्क असेल आणि एकसारखी टकटक येत असेल तर तपासणी मागाहून, आधी बॅकअप.

गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो: आवाज फोन करून ऐकवू नका, सलग येणारा सूर फोन गोंगाट समजून गाळतो. छताचा पंखा बंद करून, मोबाइल कीबोर्डजवळ धरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. चार्जर काढताना आणि लावतानाचा आवाज त्यात आलाच पाहिजे. सर्व्हिस सेंटरला तक्रारीबरोबर तोच पाठवा, आणि बॉक्स व बिल जपून ठेवा.

आपले,
दुरुस्ती काउंटरवरची मंडळी